औषधाच्या दोन किमती



धर्मादाय रुग्णालयाला औषध सवलतीत मिळते आणि तेच आपण दुकानातून छापील किमतीला घेतो. हा अन्याय नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. सर्वांना एकच भाव लावणे, असे नव्हे. उसाच्या फडात राबणाऱ्याला आणि बागायतदाराला दोनशे रुपये सारखेच जड नसतात. शिवाय ही सवलत बंद केली म्हणून दुकानातला भाव उतरेल, असेही नाही.

खरा पेच पुढे आहे. स्वस्तात घेतलेले औषध रुग्णालयाने छापील किमतीला दिले, तर मधले पैसे कोणाचे? त्यातून रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार निघत असेल, तर आम्ही त्याला नफेखोरी म्हणणार नाही. चांगल्या शोमरोन्यानेही उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी मोजून दिलीच. मात्र गरिबाच्या बिलात तो फरक दिसता कामा नये. सवलत त्याच्याच नावाने मिळालेली असते.

आपल्या राज्यात हे केवळ दयेवर सोडलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेखाली २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. या दुर्बल घटकांना औषधे रुग्णालयाच्या खरेदी-किमतीनेच लावायची असतात. मागायला संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. तरी मिरज-सांगलीला रुग्ण नेताना शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा, आणि पैसे भरण्यापूर्वी तिथल्या समाजसेवकाला भेटा.