दान आणि देणे

आषाढीच्या वाटेवर हल्ली दिंडीला रेनकोट मिळतात, पाण्याच्या बाटल्या मिळतात, औषधांची गाडी येते, आणि या सगळ्यावर कुठल्याशा कंपनीचे नाव छापलेले असते. वारकऱ्याने ते घ्यावे की नाही, यावर मुक्कामी चर्चा होते.

या देण्यामागे कायदा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. यातून शाळा झाल्या, दवाखाने झाले. ते खोटे म्हणणारे आम्ही नव्हे.

संप्रदायाला व्यापार परका नाही. तुकोबारायांचे घराणे वाण्याचे, सावकारीचे. कुळांच्या कर्जाची खते त्यांनी भावाशी वाटून घेतली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली, ही परंपरेतली कथा पोराटोरांना ठाऊक आहे. मात्र भावाच्या वाटणीला त्यांनी हात लावला नाही, हे घाईघाईने सांगून पुढे जातात. आम्हांला तेच मोठे वाटते. दुसऱ्याच्या हक्काचे उचलून पुण्य जोडायचे नाही.

आता इंद्रायणीकडेच बघा. लोणावळ्याच्या बाजूस ती उगम पावते, देहू-आळंदीवरून तुळापुरास भीमेला मिळते, आणि तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. गेल्या काही वर्षांत आळंदीस तिच्यावर पांढरा फेस वारंवार दिसला. त्यात शहरांचे मैलापाणी आहे, तसे कारखान्यांचे रसायनही आहे. सगळा दोष एकाच्या माथी मारणे बरे नव्हे. पण सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे, हे कारखानदारावर १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यापासूनचे बंधन आहे. ते काम समाजकार्याच्या दोन टक्क्यांत धरता येत नाही, असे नियमच सांगतात. म्हणजे नदीचे ते देणे, आणि रेनकोट हे दान.

गंमत पुढेच आहे. एखाद्याने शुद्धीकरणाचे यंत्र रात्री बंद ठेवले, तर त्याची वीज वाचते, रसायनाचा खर्च वाचतो. तेवढा नफा वाढतो. नफा वाढला की दोन टक्केही वाढतात! त्या वाढीव पैशातून तो आम्हांला पाण्याची बाटली देणार. बाटली कशाला लागली? तर नदीचे पाणी ओंजळीत घेण्याजोगे उरले नाही म्हणून.

कोणी म्हणेल, महाराज, अन्नदानात इतकी खोड काढू नये. भिजणाऱ्या म्हातारीला रेनकोट मिळाला हे काय थोडे झाले? थोडे नाहीच. तिच्या अंगावरचा रेनकोट काढून घ्या असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणू? आणि प्रामाणिकपणे शुद्धीकरण चालवणारे कारखानदारही आहेत. त्यांना चोरांच्या रांगेत उभे करणे हा अधर्मच.

म्हणून घेण्याला आमची हरकत नाही. पण घेताना दिंडीप्रमुखाने एवढे विचारावे, "मालक, तुमच्या कारखान्याचे पाणी कुठून बाहेर पडते, ते दाखवता का?" जो चोख आहे तो तिथल्या तिथे गाडीत बसवून नेईल. जो आधी फोटो काढून घेऊ म्हणेल, त्याच्या बाटल्यांचे काय करायचे ते दिंडीने बसून ठरवावे.