आळंदची पहाणी आणि संपलेले सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरचे काम संपले असे कधी म्हणायचे, हा प्रश्न या धंद्यात सहसा टाळला जातो. पुलावरून पहिली गाडी गेली की पूल झाला, हे गावाला कळते. प्रोग्रॅमचे तसे होत नाही. तो पडद्यावर चालतो, बटण दाबले की हिशोब बरोबर येतो, साहेब मान डोलावतात. आणि ज्याच्यासाठी तो लिहिला तो माणूस दोन वर्षांनीही जुन्या वहीतच लिहीत बसलेला असतो. अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांपैकी पुष्कळसे असे चालू अवस्थेतच संपलेले असतात. त्यांचा कोड वाईट नसतो. काम कुठे पुरे होणार, हे कोणी आधी ठरवलेले नसते, एवढेच.

याचा एक ठळक दाखला कर्नाटकाच्या सीमाभागात सापडतो. राज्यातल्या जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा पहिला प्रयत्न १९९१ साली गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात झाला. आळंद तालुका याच जिल्ह्यातला, अक्कलकोट आणि उमरग्याला लागून असलेला. सीमेपलीकडे जे काम सातबारा करतो ते इकडे पहाणी करते. सर्व्हे नंबर, खातेदाराचे नाव, क्षेत्र, आकार, जमिनीचा प्रकार, पीक, पाण्याची सोय आणि बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, इतके सगळे त्या एका कागदावर असते. तुरीसाठी पीककर्ज काढायचे असो, भावाभावांत वाटणी करायची असो की कोर्टात उभे राहायचे असो, पहाणी लागतेच. हा कागद हाताने लिहिण्याचा अधिकार गावच्या तलाठ्याकडे होता. राज्यभर असे सुमारे ९ हजार तलाठी होते, आणि त्यांच्या दप्तरात काय लिहिले आहे हे बाहेरच्या माणसाला तपासता येत नसे. उतारा मिळायला तीन दिवसही लागत आणि महिनाही. वर हात ओले करावे लागत ते वेगळेच.

गुलबर्ग्याच्या प्रयोगानंतर, १९९६ पर्यंत, राज्यातल्या सर्व जिल्ह्यांसाठी अशा योजना मंजूर झाल्या. पण हाताच्या नोंदी जिथे प्रत्यक्ष बदलत होत्या त्या तालुक्याच्या ठिकाणी संगणक ठेवण्याची तरतूदच त्यांत नव्हती. याचा अर्थ कामाच्या भाषेत असा होतो : एखाद्या गावातला खातेदार वारला, मुलांची नावे लागली, फेरफार तलाठ्याच्या वहीत मंजूर झाला, आणि संगणकातला मृत माणूस मात्र जमीन कसतच राहिला. भरलेली माहिती भरल्या दिवसापासून शिळी होऊ लागली. जी गोष्ट एका जिल्ह्यात पुरी झाली नाही ती सगळ्या राज्यात सुरू करणे, हा सरकारी योजनांचा जुना छंद आहे. पण खासगी कंपन्यांतले डेव्हलपरही त्यातून सुटलेले नाहीत. पहिले काम अडले की दुसरे उघडायचे, आणि उघडलेल्या कामांची संख्या हीच मेहनतीची खूण मानायची.

त्यानंतर आलेल्या ‘भूमी’ प्रकल्पाने हीच गोष्ट शेवटाला नेली. महसूल खात्याच्या वतीने राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याने तो चालवला आणि सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने लिहिले. सुमारे २ कोटी पहाण्या आणि ६७ लाख खातेदार हा त्याचा आवाका. यातला प्रोग्रॅम फार अवघड होता असे नाही. नोंद घालणे, बदलणे, छापणे, एवढेच त्याचे काम. अवघड होते ते बाकीचे. भरलेल्या नोंदी कागदावर छापून पुन्हा तलाठ्यांकडे तपासायला गेल्या, चुका दुरुस्त होऊन परत आल्या. तालुका कचेरीत खिडकी उघडली गेली. तिथल्या कर्मचाऱ्याला संगणकात शिरण्यासाठी बोटाचा ठसा द्यावा लागे, म्हणजे पुढे ‘मी केलेच नाही’ म्हणायची सोय उरली नाही. काही ठिकाणी दुसरा पडदा शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवला, आत काय चालले आहे ते त्यालाही दिसावे म्हणून. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने पुढे सरकतील, मधला अर्ज वर काढता येणार नाही, अशी व्यवस्था केली. उताऱ्याला १५ रुपये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तालुक्यात संगणकाची खिडकी सुरू झाली की तिथली हाताने लिहिलेली पहाणी कायद्याने बाद ठरली.

हे शेवटचे पाऊल नसते तर भूमीचे गुलबर्गा झाले असते. दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या की माणसे जुन्याच वाटेने जातात. नव्याची खोट काढायला तेवढेच निमित्त पुरते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हे पचायला जड जाते, कारण जुनी वाट बंद करणे हे त्याच्या कामाच्या यादीत कधीच नसते. पण ‘पूर्ण’ या शब्दाला काही अर्थ द्यायचा तर तो इथेच देता येतो : जुनी वही ज्या दिवशी कोणाला लागत नाही, तो दिवस. ही अट पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवली तर रोजच्या कामाची निवडही सोपी होते. आज हाती घेतलेली गोष्ट त्या दिवसाकडे नेते की नाही, एवढेच बघायचे. भूमीनेही हेच केले. जमिनीचे नकाशे आणि मोजणी तिने आरंभी बाजूला ठेवली; मोजणीसाठी ‘मोजिणी’ ही वेगळी प्रणाली नंतर आली. नकाशांशिवाय पहाणी अपुरी आहे हा आक्षेप खरा होता. तो तेव्हाच मान्य केला असता तर पहाणीही झाली नसती.

बेल लॅबचे टॉम कारगिल यांचे नाव लागलेला एक गमतीचा नियम आहे : पहिला ९० टक्के कोड ९० टक्के वेळ खातो, उरलेला १० टक्के कोड आणखी ९० टक्के. विनोदाच्या आत हिशोब आहे. शेवटचा भाग लिहिण्याचा नसून जुळवण्याचा असतो. चुकीची नावे, दोनदा आलेले सर्व्हे नंबर, वीज गेल्यावर अर्धी राहिलेली नोंद, रजेवर गेलेला कर्मचारी. अशा वेळी माणसे वाढवण्याचा मोह होतो. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून १९७५ सालीच लिहून ठेवले आहे की उशीर झालेल्या प्रकल्पावर माणसे वाढवली की तो आणखी लांबतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना समजावण्यात जातो.

एकट्याने केलेल्या कामाचे उदाहरण डोनाल्ड क्नूथ यांचे. पुस्तकांची छपाई मनासारखी होईना म्हणून त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली; थोडक्यात आटोपेल असा अंदाज होता, गेले दशकभर. पुढे त्यांनी ठरवले की आता नवे काही घालायचे नाही, फक्त चुका काढायच्या. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीचा क्रमांक पाय या संख्येचा एक-एक अंक पुढे सरकतो. सुधारणेला अंत नाही हे मान्य करून कामाला मात्र अंत देण्याची ही तऱ्हा आहे. १९९० च्या १ जानेवारीपासून त्यांनी ईमेलही सोडले. हा उपाय नोकरदाराच्या आवाक्यातला नाही हे उघड आहे. सकाळचे दोन सलग तास निरोपांपासून वाचवणे एवढे मात्र बहुतेकांना जमते, आणि बहुतेक जण तेही करत नाहीत.

आळंद परिसरातली मुले संगणकाचे शिक्षण घेतात ती कलबुर्गीच्या १९५८ साली सुरू झालेल्या पीडीए अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी. २००९ पासून तालुक्यातच कडगंचीला केंद्रीय विद्यापीठही आहे. पुढची वाट पुणे, हैदराबाद किंवा बंगळूरची. देशभरातल्या अशा महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असतो : बाहेरच्या परीक्षकासमोर एक दिवस चालवून दाखवायचा, जाड पुठ्ठ्याची प्रत ग्रंथालयात द्यायची, संपले. कोणी तो प्रकल्प एकदाही वापरत नाही. काम दाखवण्यापुरते करण्याची सवय इथेच लागते, आणि नोकरीतल्या दर पंधरवड्याच्या ‘डेमो’ने ती पक्की होते. त्यापेक्षा गावातल्या एका खतदुकानाची उधारीची वही बंद पाडणारा छोटा प्रोग्रॅम विद्यार्थ्याला अधिक शिकवील. दुकानदार खोट्या कौतुकाला वेळ देत नाही.

सीमेपलीकडे महाराष्ट्राने हेच धडे वेगळ्या मार्गाने घेतले. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा जुळत नाहीत म्हटल्यावर २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकातले सातबारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायचे आणि चुका तिथेच टिपायच्या. परीक्षणाचे एवढे स्वस्त साधन कुठल्याही कंपनीकडे नाही. स्वतःच्या बांधापलीकडच्या क्षेत्राचा आकडा चुकला तर शेतकरी गप्प बसत नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला.

भूमीचे दोषही नोंदवायला हवेत. जुन्या वहीतल्या चुका तपासणीतून निसटल्या त्या संगणकाच्या अधिकाराने पक्क्या झाल्या, आणि त्या दुरुस्त करून घेणे शेतकऱ्याला पूर्वीइतकेच जड गेले. तलाठी गावात होता, खिडकी तालुक्याला. तेव्हा उताऱ्यासाठी मजुरी बुडवून एसटी पकडावी लागू लागली. नोंदी अशा एकवटल्याने शहरालगतच्या जमिनींत मोठ्या खरेदीदारांचेच अधिक फावले, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. यातल्या काही गोष्टी पुढे सुधारल्या. उतारा नाडकचेरीत आणि नंतर घरबसल्याही मिळू लागला, नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ प्रणालीशी जोडणी झाली. या सगळ्याला देखभाल असे एकच नाव देण्याची रीत आहे, पण ती सोयीची नाही. चूक काढणे हे जुन्या कामाचे देणे आहे. नवी जोडणी हा नवा प्रकल्प आहे, त्याला स्वतःची माणसे, स्वतःचा पैसा आणि बंद करायची स्वतःची जुनी वही लागते.