मालकाची सही

आमच्या कुत्र्याचं नाव मोती ठेवलं तेव्हा त्याच्या दातांचा विचार कुणी केला नव्हता. नऊ वर्षांत ते शेंगेच्या टरफलासारखे पिवळे झाले, आणि तोंडाला असा वास सुटला की नवी पेठेतल्या आमच्या घरी आलेले पाहुणे चहा अर्धा टाकून उठू लागले! माणसाला 32 दात, कुत्र्याला 42. त्यांतले चार काढायचे ठरले. 'आ करा' असं सांगून कुत्रा ऐकत नाही, म्हणून भूल आली. कागदावर 'मालकाची सही' लिहिलं होतं तिथं मी सही ठोकली. दात त्याचे, सही माझी!

संध्याकाळी त्याला रिक्षातून घरी आणलं. चार पाय चार पेठांना निघालेले, डोळे उघडे पण ओळख नाही. भिंतीला डोकं टेकून तो असा विव्हळायला लागला, की शेजारच्या काकू धावत आल्या. "काय हो, मारलंत की काय त्याला?" भुलीनं अंग गार पडतं म्हणून हिनं कोरी सोलापुरी चादर त्याच्यावर घातली. मी जवळ गेलो, तर माझ्यावरच गुरगुरला.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "दुखण्याचं औषध दिलंय. भूल उतरताना असं होतं कधीकधी. दिवा मालवा, गलका नको, जवळ बसा. उद्या त्याला काही आठवणार नाही."

अंधारात बसून राहिलो. आठवणार नाही, म्हणजे झालंच नाही? 1846 साली अमेरिकेत मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं ईथरची भूल चारचौघांत दाखवली. त्याआधी त्यानं ती आपल्या कुत्र्याला देऊन पाहिली होती. त्या कुत्र्याला कुणी विचारलं असेल? धर्मराजानंही कुत्र्यावाचून स्वर्गात जायला नकार दिला. पण कुत्र्याला यायचंय का, हे विचारलं नाहीच.

चार वर्षांपूर्वी वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळीही सही माझीच होती. भूल उतरताना ते मला हात जोडून म्हणत होते, "अहो, मला घरी सोडा हो." मला, 'अहो'! दुसऱ्या दिवशी त्यांना काही आठवत नव्हतं. मीही कधी सांगितलं नाही. सही चुकली नव्हती. ते त्यानंतर तीन वर्षं चालते-फिरते होते. पण ते 'अहो' ऐकायला तिथं मीच तेवढा शुद्धीवर होतो.

सकाळी मोती शेपूट हलवत आला, दुधात कुस्करलेली भाकरी चाटूनपुसून खाल्ली, माझा हात चाटला. त्याच्या बाजूनं प्रकरण मिटलं होतं.

चादर मात्र त्यानं परत दिलेली नाही. मीही मागितली नाही.