अर्ध्या तिकिटाचे पातक

परभणीहून गंगाखेडकडे निघालेल्या एसटीत कंडक्टर तिकिटाचे मशिन घेऊन सीटपाशी येतो, आईला बिलगून बसलेल्या पोराकडे बघतो आणि विचारतो, ‘किती वर्षांचा?’ नियम सगळ्यांना पाठ आहे. पाचाच्या आत मोफत, पाच ते बारा अर्धे तिकीट. ‘चारच आहे की, अंगानं भरलाय जरा,’ असे उत्तर येते. पोरगा ‘मी पहिलीत’ म्हणायला तोंड उघडतो तोच त्याला चिमटा बसतो. आईचे स्वतःचे तिकीट २०२३ पासून अर्धेच आहे, हे अलाहिदा. प्रसंग हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो खरा. पण पोखर्णीच्या फाट्यावर तपासणी पथक चढले, तर खुलासा कंडक्टरलाही द्यावा लागतो. चार पैसे वाचले एकाचे आणि नोकरीवर बालंट आले दुसऱ्याच्या, आणि हा सगळा व्यवहार एका मुलाच्या तोंडावर हात ठेवून झाला. अशा वेळी अपराध नेमका कुणाचा? हा प्रश्न वाटतो शिस्तीचा. मुळात तो धर्माचा आहे.

आपल्याकडे याचे तयार उत्तर आहे: लेकरू आहे, त्याला काय कळते, मुले म्हणजे देवाघरची फुले. हॉटेलात टेबलावर चढून नाचणाऱ्या, पाण्याचा ग्लास उपडा करणाऱ्या, पुसायला आलेल्या माणसाला ‘ए’ म्हणून हाक मारणाऱ्या मुलाबद्दल हेच ऐकू येते. त्यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. धर्मशास्त्रानेही तो मानला होता. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला ना अपराध ना पातक, अशा अर्थाचे स्मृतिवचन मिताक्षरेसारख्या ग्रंथांत घेतलेले आहे. पण ते वचन तिथे थांबत नाही. पाचाच्या पुढच्या आणि अकराच्या आतल्या मुलाकडून चूक घडली, तर तिचे प्रायश्चित्त भावाने, बापाने किंवा जवळच्या कुणीतरी घ्यायचे, असे ते सांगते. (एसटीच्या अर्ध्या तिकिटाचे वय जवळपास हेच निघावे, हा योगायोग मोठा मजेशीर आहे.) म्हणजे मूल निष्पाप ठरले म्हणून पाप हवेत विरून जात नाही, ते मोठ्यांच्या खात्यावर चढते. आपण वचनाचा सोयीचा अर्धा भाग तेवढा उचलला. मुलाला माफी दिली आणि बापालाही तिच्यातच बसवले.

शिवाय मुलाने ते वागणे आणले कुठून, हेही पाहायला हवे. रडणाऱ्या पोराला गप्प करायला ‘थांब, कंडक्टर काका खाली उतरवतील’, ‘सिस्टर सुई टोचतील’ असे सांगितले जाते. आपल्याला जे करवत नाही, ते धाक दाखवण्याचे काम आपण दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो आणि मुलाच्या मनात त्या माणसाचा बागुलबुवा उभा करतो. याहून वाईट वाक्य दुसरे आहे आणि ते बहुतेकदा त्या माणसाच्या देखतच बोलले जाते: ‘नीट शिक, नाहीतर अशाच कपबश्या विसळाव्या लागतील.’ समोर फडके मारणारा ऐकत असतो. मुलगाही ऐकत असतो, आणि तो बिनचूक धडा घेतो की हे काम म्हणजे शिक्षा आहे आणि ते करणारा काहीतरी चुकलेला माणूस आहे. पुढे तो त्याला ‘ए’ म्हणाला, तर तो बेशिस्त नव्हे. चांगला शिकलेला विद्यार्थी म्हणायचा.

हे ज्या जिल्ह्यात घडते, तो जनाबाईचा जिल्हा आहे. गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिली आणि त्या घरातला नामदेव तिच्या देखत वाढला, असे परंपरा सांगते. तिच्या अभंगांत देव येतो तो दळायला हात लावायला, केर भरायला, शेण्या वेचायला. आपण या कथा भक्तीचे कौतुक म्हणून ऐकतो. मला त्यांत एक रोखठोक सिद्धांत दिसतो: ज्या कामाला घरधनी हात लावत नाही, ते देवाला हलके वाटत नाही. गंगाखेडला जनाबाईच्या मंदिरात पोराचे डोके पायावर टेकवायचे आणि बाहेर येऊन चहाच्या टपरीवर कपबश्यांचे ते वाक्य त्याला ऐकवायचे, यातले एक काहीतरी खोटे असले पाहिजे.

यावर आक्षेप येईल की आईबाप भीतीपोटी बोलतात, आणि भीती खरी आहे. पाऊस दगा देतो, गंगाखेड-सोनपेठकडची माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला जातात. तिथल्या बापाने ‘शिक बाबा’ म्हणू नये काय? जरूर म्हणावे. मजुरी तुटपुंजी आहे, कष्ट कंबर मोडणारे आहेत, म्हणून या कामातून बाहेर पड, हे खरेच आहे. पण काम वाईट दिवस दाखवते हे सांगणे वेगळे आणि काम करणारा वाईट हे सांगणे वेगळे. जात ही नुसती श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले, ते याच फरकावर बोट ठेवून. त्यांनी ज्या बुद्धाचा मार्ग घेतला, त्याने सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला नोकरांविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत: झेपेल तेवढेच काम द्या, अन्न आणि वेतन द्या, आजारपणात बघा, गोडधोड त्यांच्याशी वाटून खा, सुट्टी द्या. हा उपदेश केला आहे एका तरुण मुलाला, जो बापाने सांगितले म्हणून अर्थ न कळता सहा दिशांना नमस्कार करत होता. परभणीत तुराबुल हक साहेबांच्या उरुसाला जाणाऱ्यांच्या ओळखीची हदीसही हेच सांगते की नोकर तुमचे भाऊ आहेत, तुम्ही खाता ते त्यांना द्या. तेव्हा कुठल्या एका धर्माच्या माथी हा दोष मारता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त चिवट आहे: सेवा करणाऱ्याने सोसावे, जनाबाईने नाही का सोसले? मला हा युक्तिवाद अप्रामाणिक वाटतो. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते हे खरे, पण हीच बाई प्रत्यक्ष विठ्ठलाला चारचौघांत देऊ नयेत अशा शिव्या देते आणि परंपरा ते अभंग प्रेमाने गाते. देवाला झापण्याची मुभा असलेल्या दासीचे उदाहरण आपण अशा वेटरला देतो, ज्याला गिऱ्हाइकाच्या पोराला ‘बाळा, खाली उतर’ म्हणण्याचीही मुभा नाही. म्हटले की मालकाकडे तक्रार. त्याचे गप्प राहणे ही क्षमा नव्हे, पगारातली अट आहे. क्षमा करायला रागावण्याचा हक्क आधी हाती असावा लागतो.

उरला थकलेल्या आईचा मुद्दा. दोन पोरे, एक पिशवी, उन्हात तापलेली गाडी. तिच्याकडून शिष्टाचाराचा आग्रह धरणे निर्दयपणाचे होईल. कंडक्टरही काही संत नसतात, सुट्ट्या पैशांवरून खेकसणारे पुष्कळ आहेत. पण स्मृतीत सांगितलेले प्रायश्चित्त इथे तप मागत नाही. हॉटेलात पोराने पाणी सांडले तर फडके आपण मागून घ्यावे, पोराच्या देखत पुसावे, आणि ‘राहू द्या ताई, मी करतो’ असे वेटर म्हणालाच, तर निदान पोराने त्याला ‘काका’ म्हणून दोन शब्द बोलावेत आणि ते आईने आधी बोलून दाखवावेत. थकलेल्या माणसालाही एवढे झेपते. आणि बाप शेजारीच मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला असेल, तर स्मृतीने नाव त्याचे घेतले आहे, आईचे नाही.