दैव पाचवे

मोसम आणि गिरणा यांच्या संगमाशी वसलेल्या मालेगावात, उन्हाळ्यातल्या सुकलेल्या पात्राकडे पाहत असता समुद्राचा विचार यावा, हे विचित्र खरे. पण ज्या गावाने पूर पाहिले, त्याला पाण्याच्या मर्यादेचा प्रश्न परका नाही. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक उतारू बुडाले, आणि बिनतारी यंत्राअभावी मुंबईला कित्येक तास खबरही पोहोचली नाही. लोक म्हणाले, दैव!

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा, आणि पाचवे दैव. पहिल्या चारांचा हिशेब चुकता न करता सारी बाकी पाचव्याच्या नावावर मांडणे, ही मला ईश्वराची निंदाच वाटते.

हा हिशेब कसा मांडावा, हे जहाजांवरच शिकता येते. ब्रिटिश खासदार सॅम्युअल प्लिम्सॉलच्या खटपटीने ब्रिटिश कायद्याने १८७६ मध्ये जहाजांवर भाररेषा, म्हणजे माल भरल्यावर जहाज कोठवर बुडू द्यावे याची खूण, सक्तीची केली. ती कोठे ओढावी, हे मात्र १८९० पर्यंत मालकाच्या मर्जीवर राहिले, आणि मर्जीने ओढलेल्या रेषेला मर्यादा कोण म्हणेल? आज वर्तुळ, त्यातून गेलेली आडवी रेघ, आणि शेजारी ऋतुपरत्वे निरनिराळ्या रेघा असतात. हिवाळ्याची उन्हाळ्याच्या खाली, म्हणजे जहाज तेच, कप्तान तोच, पण समुद्र खवळण्याच्या दिवसांत माल कमी. चातुर्मासात आहार आवरणाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. कोळीबांधवही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात, तो होडी पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवल्यानंतरच.