दान आपलं, ताट तिचं

१९५२ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं. कशासाठी? तर खाशाबा जाधव या पैलवानाला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाता यावं म्हणून. सात हजार रुपये उभे राहिले. गोळेश्वरच्या या गड्याने कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्याने कुस्त्या भरवल्या, पैसे जमवले आणि सरांचं घर सोडवलं.

माझं माहेर त्याच बाजूचं, म्हणून ही गोष्ट लहानपणापासून कानावरची. कौतुक खाशाबांचं होतं, ते रास्तच. पण हल्ली मला खर्डेकर सर जास्त आठवतात. ही गोष्ट कुणीही सांगो, तिच्यात अट नसते.

सर आठवायला कारणही तसंच घडलं. इथे सिल्वासात आमच्या महिला मंडळापुढे एक विषय आला. खानवेलकडच्या पाड्यांवरून कॉलेजला येणाऱ्या काही मुली धावतात, आणि छान धावतात. या पट्ट्यात त्याचं नवल नाही. पलीकडे नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पदक घेऊन आली, डांगची सरिता गायकवाड २०१८च्या आशियाई स्पर्धेत रिलेच्या सुवर्णपदकाची मानकरी झाली. आमच्या मुलींना हवेत बूट, स्पर्धेला जायचं भाडं आणि खुराक. द्यायला कुणाचीच ना नव्हती. पण एका भगिनीने विचारलं, "आपल्या पैशातून त्या अंडी खाणार असतील तर?" लगेच दुसरी म्हणाली, "मग लिहूनच घेऊ ना. मदत घेईल तिने ते सगळं सोडायचं."

दोघीही मनाने चांगल्या. पहिलीचा प्रश्न मला खरा वाटतो. दुसरीचं उत्तर मात्र पटत नाही. का पटत नाही, ते सांगते.

अमेरिकेत कॉलेजच्या संघांना पैसा पुरवणाऱ्या चाहत्यांना 'बूस्टर' म्हणतात, आणि त्यांच्यासाठी नियमांचं भलंमोठं बाड आहे. अनेक दशकं दंडक असा होता की कॉलेजच्या क्रीडानिधीला हवं तेवढं द्या, पण खेळाडूच्या हातात परस्पर पैसे किंवा वस्तू ठेवू नका. जे इतर विद्यार्थ्यांनाही मिळतं, तेवढंच खेळाडूला मिळावं. आणि एकदा बूस्टर ठरलात की कायमचे बूस्टर. देणं थांबवलं तरी नियम सुटत नाहीत. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात धनिक चाहते फुटबॉलच्या पोरांना गुपचूप पैसे देत होते. ते उघड झालं आणि १९८७चा सगळा हंगाम रद्द झाला. खिसे मोठ्यांचे, मैदान गेलं ते पोरांचं. अलीकडे हे नियम बरेच सैल झालेत. २०२१पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावू शकतात.

तिथली आणखी एक गोष्ट आपण बायकांनी लक्षात ठेवावी. १९७२च्या कायद्यामुळे, एखाद्या दात्याने फक्त मुलांच्या संघासाठी पैसे दिले, तरी मुलींना त्याच तोडीची सोय करून देणं कॉलेजला भागच असतं. 'दात्याची इच्छाच तशी होती' ही सबब चालत नाही.

आपल्याकडेही कंपन्यांना सामाजिक निधीतून खेळाडूंच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतो. मात्र मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरत नाहीत. म्हणजे दान आणि सौदा यांतला फरक कायद्यालाही कळतो.

आता बघा, अमेरिकेच्या त्या जुन्या नियमात आमचे खर्डेकर सरही अडकले असते. एकाच खेळाडूसाठी, स्वतःच्या खिशातून, थेट मदत! तरी त्यांचं देणं आपल्याला डागाळलेलं वाटत नाही. तेव्हा दोष नुसत्या पैशाचा नाही. पैशामागून येणाऱ्या हाताचा आहे. देऊन झाल्यावरही जो हात खेळाडूच्या खांद्यावरून निघत नाही, त्याचा.

आपल्या तत्त्वार्थसूत्राप्रमाणे दानाचं मोल चार गोष्टींवर ठरतं: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. अतिथिसंविभाग व्रताच्या अतिचारांत मात्सर्य आहे, म्हणजे दुसऱ्या दात्याशी चढाओढ. कालातिक्रम आहे, म्हणजे वेळ टाळून देणं. ते व्रत मुनींच्या आहारासाठी सांगितलंय, हे खरं. पण स्पर्धा होऊन गेल्यावर बूट वाटणारे आणि बुटांपेक्षा मोठा बॅनर लावणारे पाहिले की ते अतिचार आठवतातच.

द्रव्य कोणतं द्यायचं, हे दात्याच्या हातात. अंड्यांसाठी पैसे द्यायचे नाहीत, हा माझा नेम. तो मी पाळीन, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी शेंगदाणे, चणे, गूळ, दूध देईन. बूट देईन, बसचं भाडं देईन. इथपर्यंत माझी हद्द. पण 'तुझ्या घरीही तू ते खायचं नाहीस' असं म्हटलं, की मी माझं द्रव्य ठरवत नाही, तिचं ताट विकत घेते.

कुणी म्हणेल, बुटांचे पैसे वाचले आणि त्यातून तिने अंडी घेतली तर? घेतली तर घेतली. भाजीवाल्याला पैसे देताना तो घरी काय शिजवतो, हे आपण कुठे विचारतो? आणि व्रत घ्यायचं असतं, लादायचं नसतं. गरजेपोटी सोडलेलं अंडं हा त्याग नव्हे, मजबुरी आहे. बूट हवेत म्हणून ती सही करील, घरी खाईल आणि आपल्यासमोर नाही म्हणेल. म्हणजे आपण गेलो अहिंसा द्यायला आणि शिकवून आलो असत्य. आधीच ती पाड्यावरची, आपण कारखान्यांच्या गावातल्या. तिला आपल्याला नाही म्हणणं किती जड जाईल, याचा विचार दात्यानेच करायचा. समोरचीची अडचण धरून तिला वाकवणं ही हिंसाच की.

म्हणून मंडळासाठी मला एवढंच सुचतं. मदत कॉलेजच्या क्रीडाविभागामार्फत द्यावी आणि पावती घ्यावी. काय देणार, हे आधी सांगावं आणि हंगामाच्या आधी द्यावं. एकीला नाही, सगळ्या संघाला द्यावं. मुलींना बूट हातात धरून फोटोला उभं करू नये. आपल्या कार्यक्रमाला त्या आल्या तर आनंद, नाही आल्या तर विचारू नये. आपलं जेवण आवडलं आणि एखादीने आपणहून विचारलं, तर जरूर सांगावं की आपण असं का जेवतो. ते ऐकून ती काय ठरवील, ते तिचं.

आणि पुढे ती हरली, खेळ सोडला, लग्न करून गेली, तरी 'आमचे पैसे वाया गेले' असं म्हणू नये. देतानाच ते आपल्या हातून सुटले असतील, तर वाया जायला आपलं उरलंय काय?