जुनें द्वार केव्हां बंद करावें?

नवी सोय आली म्हणजे जुनी तत्काळ काढून टाकावी, कीं दोन्ही कांहीं काळ शेजारीं शेजारीं नांदूं द्याव्या? प्रश्न वरवर यंत्रज्ञांचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं नीतीचा प्रश्न आहे, असें आम्हांस वाटतें.

मध्यंतरीं आमच्या महाविद्यालयांत अंबडकडील एक विद्यार्थी आपला निबंध सादर करण्यास उभा राहिला. मागून आणलेल्या त्याच्या नव्या लॅपटॉपला केवळ टाइप-सीचीं दोन पोर्टें; भिंतीवरील प्रोजेक्टरची केबल १९८७ सालीं निघालेल्या व्हीजीए पद्धतीची. दोन्ही यंत्रें धडधाकट; परंतु मधला जोड कोणापाशींच नव्हता. शोधाशोधींत तास संपला, आणि दोष कोणाचाही नसतां शिक्षा मात्र त्या मुलास झाली.

येथें जुन्याचा कैवार घेणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. प्रत्येक जादा पोर्ट जागा खातें, पैसा खातें. १९९८ सालीं ॲपलनें आयमॅकमधून जुनीं पोर्टें वगळून यूएसबीची कांस धरली, तेव्हां पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. पुढें सारें जग त्याच वाटेनें गेलें. आज एकच टाइप-सी वीज, चित्र व माहिती तिन्ही वाहूं शकतें. निरनिराळ्या चार्जरांचा कचरा वाढूं नये म्हणून युरोपीय संघानें २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलांस तें सक्तीचें केलें. एकरूपतेंतही लोकहित असतें.

जालनेकरांस हें निराळें सांगावयास नको. निजामी राज्यांत १९०० च्या सुमारास झालेली आमची मनमाड-सिकंदराबाद लाइन मीटरगेज, म्हणजे १००० मिलिमीटर रुंदीची. मनमाडास भेटणारी मुंबईची लाइन १६७६ मिलिमीटरांची. मराठवाड्याचा माल तेथें एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावा लागे. १९९० नंतरच्या दशकांत आमचा मार्गही रुंद झाला, आणि जुन्या रुळांसाठीं कोणीं अश्रू ढाळले नाहींत. परंतु तोंवर सुमारें नव्वद वर्षें त्या विसंगतीचा भार कोणीं वाहिला? रुंदी ठरविणारांनीं नव्हे. हमालाच्या पाठीनें आणि व्यापाऱ्याच्या थैलीनें.

इंग्लंडांत ग्रेट वेस्टर्न रेल्वेची मूळची रुंदी सात फुटांची. इतरांशीं मेळ घालतांना तिनें आपल्या मार्गाच्या मोठ्या भागावर तिसरा रूळ टाकून दोन्ही प्रकारच्या गाड्या चालविल्या, आणि १८९२ च्या मे महिन्यांत रुंद गाड्यांस कायमचा निरोप दिला. खर्च कंपनीचा, प्रवाशाचा नव्हे.

वाचक म्हणतील, हा तिसरा रूळ किती काळ ठेवावयाचा? चारदोघांच्या आळसासाठीं सर्वांनीं का झिजावें? आक्षेप खरा आहे. पण आळस वेगळा आणि ऐपत वेगळी. जो दर तीन वर्षांनीं यंत्र बदलतो त्याच्या सोयीवरून काळ मोजूं नये. ज्या शाळेचा प्रोजेक्टर एकदांच येतो, तिच्यावरून मोजावा. पोर्ट ठेवणें अशक्य असेल तर मधला जोड तरी यंत्राबरोबरच द्यावा. जो बदल घडवितो, त्यानेंच पूल बांधावा.

जुनें द्वार कधींतरी बंद होणारच. तें लावण्यापूर्वीं बाहेर कोणी उभा आहे काय, एवढें पाहण्याची तसदी मात्र आम्ही सर्वांनीं घेतली पाहिजे.